पार्सन्सटाउनचा सहा फुटी आरसा

एप्रिल 1845. आयर्लंडच्या मधोमध पार्सन्सटाउन नावाचं छोटं गाव आहे, आज त्याला बर म्हणतात. तिथल्या किल्ल्याच्या बागेत रात्री एक माणूस जमिनीपासून बराच वर, लाकडी गॅलरीत उभा राहून दुर्बिणीच्या तोंडाशी डोळा लावतोय. सप्तर्षीच्या शेपटीचं टोक म्हणजे मरीची, त्याच्या जवळच एक धूसर ठिपका आहे, मेसिए 51 (म्हणजे मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतला 51 वा). आजवर सगळ्यांना तो ढगासारखाच दिसला होता. याला त्यात भोवरा दिसला. मधोमध तेज आणि त्यातून गोल फिरत बाहेर पडणारे हात.

हा माणूस विल्यम पार्सन्स, लॉर्ड रॉस. ज्या दुर्बिणीतून तो बघत होता ती त्यानेच बनवलेली, आणि खरं सांगायचं तर मला त्या भोवऱ्याइतकीच त्या आरशाची गोष्ट भारी वाटते.

तेव्हा दुर्बिणीचे मोठे आरसे काचेचे नसायचे, धातूचे असायचे. आपल्याकडच्या काशाच्या वाटीत असतं तेच तांबं आणि कथील, फक्त कथिलाचं प्रमाण बरंच जास्त. त्याने धातू पांढरा चकचकीत होतो पण इतका ठिसूळ की जरा घाईने थंड झाला तरी तडकतो. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने 1789 मध्ये इंग्लंडात 48 इंची आरसा लावून शनीचे दोन चंद्र शोधले होते, पण आरसा घासायची आपली रीत काही त्याने छापली नाही, त्यामुळे रॉसला सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं. आणि त्याने शिकलेलं सगळं छापलं, चुकासुद्धा. मला हा माणूस आवडतो तो यासाठी.

आधी त्याने 36 इंची आरसा केला, मग थेट 72 इंची. म्हणजे सहा फूट, उंचपुरा माणूस आडवा झोपला तरी मावेल एवढा, वजन तीनएक टन. किल्ल्याच्या आवारातच भट्ट्या बांधल्या, इंधन म्हणून तिथल्या दलदलीतलं पीट (कुजलेल्या झाडपाल्याची माती, वाळवून जाळतात), आणि कामाला इस्टेटीवरचीच माणसं, ज्यांना त्याने स्वतः शिकवून तयार केलं. साच्याचा तळ लोखंडी पट्ट्या उभ्या चिकटवून केलेला, म्हणजे मधल्या फटींतून वाफ निघून जाते पण धातू गळत नाही. 1842 च्या एप्रिलमध्ये पहिला ओतला, तो थंड करायला भट्टीत 16 आठवडे ठेवला. एकूण पाच वेळा ओतकाम झालं तेव्हा कुठे दोन चांगले आरसे मिळाले. दोन का, तर धातू ओल्या हवेत काळवंडतो, एक पॉलिशला गेला की दुसरा बसवायचा. घासायचं मशीन वाफेच्या इंजिनावर. यासाठी लागलेला बराचसा पैसा त्याची बायको मेरी हिने माहेराहून आणलेला, आणि ती स्वतः उत्तम फोटोग्राफर होती.

नळी 50 फुटांहून लांब, दोन उंच दगडी भिंतींच्या मधे टांगलेली, दोर-साखळ्यांवर माणसं ती हलवायची. भिंतींमुळे डावीउजवीकडे फारसं वळता यायचं नाही, म्हणजे तारा डोक्यावरून जाताना थोडा वेळच मिळणार, आणि त्यात आयर्लंडचे ढग! तरी 1917 पर्यंत, कॅलिफोर्नियात 100 इंची दुर्बीण येईपर्यंत, जगात याहून मोठा आरसा कुठल्याच दुर्बिणीला नव्हता.

भोवरा दिसला त्याच वर्षी, 1845 च्या शरद ऋतूत, आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला आणि महादुष्काळ सुरू झाला. गावात माणसं उपाशी असताना रॉसने निरीक्षणं बाजूला ठेवली, मदतकार्यात वेळ आणि पैसा घातला, दुर्बीण बराच काळ पडून राहिली.

त्याचं सगळंच बरोबर आलं असं नाही. मृग नक्षत्रातला तेजोमेघ (आकाशातला ढगासारखा धूसर ठिपका) म्हणजे गच्च तारेच, असं त्याला वाटलं. ते चुकीचं होतं. तेजोमेघांत खरोखर वायू असतो हे विल्यम हगिन्सने 1864 मध्ये प्रकाशाचा वर्णपट, म्हणजे त्यातले रंग वेगळे करून, तपासून दाखवलं, त्याची दुर्बीण रॉसच्या मानाने कितीतरी लहान होती. मोठा आरसा प्रकाश गोळा करतो, पण त्या प्रकाशाला काय विचारायचं ते वेगळंच काम. पुढे आपल्या पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्सच्या वेधशाळेत, कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी याच मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट अभ्यासला, तोही आयर्लंडमध्येच, डब्लिनच्या ग्रब कंपनीने बनवलेल्या दुर्बिणीतून.

आणि तो भोवरा? रॉसने तो कागदावर काढला, तेव्हा इतक्या अंधुक गोष्टीचा फोटो काढणं शक्यच नव्हतं. ती आपल्या आकाशगंगेबाहेरची, कोट्यवधी प्रकाशवर्षं लांबची दुसरी दीर्घिका, म्हणजे आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, आहे हे त्याला कळायचा मार्ग नव्हता, ते कळायला 1920 चं दशक उजाडलं. पण आजचा फोटो त्या चित्राशेजारी ठेवा. मोठ्या भोवऱ्याच्या एका हाताच्या टोकाशी छोटी सोबतीण दीर्घिका आहे, ती त्याने पेन्सिलीने जिथे काढली तिथेच आहे.