आ कर बघू

(दृश्य : ग्वाल्हेर. डिसेंबरातली सकाळ, धुकं. तानसेनची समाधी, शेजारी चिंचेचं झाड.)

ग्वाल्हेरात गळ्याला फार मान. या चिंचेचा पाला चावला की आवाज गोड होतो, अशा श्रद्धेने लांबलांबचे गवई इथे येत. मूळचं झाड आता नाही, पण पानं तोडणारे हात अजून थांबलेले नाहीत. तानसेन समारोह डिसेंबरात असतो, आणि त्याच थंडीत शहरातल्या लश्कर भागात घराघरांत घसे धरतात.

(दृश्य : जुन्या वाड्यातलं स्वयंपाकघर. ८ वर्षांचा मुलगा, आई. मोबाइलची बॅटरी, चमच्याचा दांडा.)

“आ कर बघू. अजून मोठा.”

आत लालभडक. पण दुखरा घसा बहुतेक वेळा लालच असतो. म्हणून आधी नाकाकडे बघावं. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल झालेत, तर ते बहुधा विषाणूचं काम. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, तापाला पॅरासिटामॉल, आणि आठवडाभर धीर.

या मुलाचं नाक मात्र कोरडं आहे. खोकला नाही. काल संध्याकाळी एकाएकी ताप भरला. आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी येतं. आईने जबड्याखाली बोट लावलं तर मान मागे घेतो. तिथे दुखरी गाठ आहे. टॉन्सिलवर पांढरे ठिपके, टाळूवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. ५ ते १५ वर्षांच्या मुलात हे सगळं एकत्र दिसलं की डॉक्टरांना स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचा संशय येतो. संशयच, नुसतं बघून खात्री अनुभवी डॉक्टरांनाही देता येत नाही. घशातून कापसाच्या काडीने नमुना घेऊन कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून बघायला, पाठवला की एक-दोन दिवसांत कळतं.

(दृश्य : भिंतीवरचा जुना फोटो. तंबोऱ्यासह एक तरुणी.)

एवढ्याशा घशाचं इतकं कशाला, असं आमच्या घरीही म्हणत. ही माझी आत्या. लहानपणी तिचा घसा दुखला, आपोआप बराही झाला. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला, तो उतरतो तोच घोटा. वाढीचं दुखणं म्हणून तेल चोळलं. तो संधिवाताचा ताप होता. जिवाणूशी लढायला उठलेली शरीराची फौज अशा वेळी आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. तिशीत आत्याला जिना चढताना धाप लागू लागली. मग लांब तान घेणंही सुटलं. घसा दुखू लागल्यापासून ९ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं, तर हे सहसा टळतं. मला हे फार उशिरा कळलं.

(दृश्य : दवाखाना. डॉक्टर टॉर्चने घसा बघताना.)

आणखी काही दुखणी अशीच दिसतात. कॉलेजातल्या मुलाला टॉन्सिलवर पांढरा थर, मानेच्या मागच्या बाजूलाही गाठी आणि आठवडेच्या आठवडे गळून गेल्यासारखा थकवा असेल, तर एपस्टीन-बार विषाणू असू शकतो. त्यात चुकून अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिलं तर अनेकदा अंगभर पुरळ उठतं. एकाच बाजूला ठणका, तोंड उघडेना, लाळ गिळवेना, तर टॉन्सिलमागे पू झालेला असू शकतो. आणि घशात राखाडी, चिवट पडदा दिसला, मान फुगली, तर घटसर्पाची भीती. तो पडदा खरवडू नये, रक्त येतं. या दोन्हींत सकाळची वाट न बघता थेट मोठं रुग्णालय गाठावं. घटसर्पाची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ५-६ वर्षांचा आणि पुढे १० व १६ वर्षांचा डोस राहिला असेल, तर विचारून घ्या.

(दृश्य : तेच स्वयंपाकघर. भिंतीवर कॅलेंडर.)

मुलाच्या नमुन्यात स्ट्रेप्टोकॉकस निघाला. डॉक्टरांनी १० दिवसांचं औषध दिलं. आईने कॅलेंडरवर १० चौकोन पेन्सिलीने आखून ठेवलेत. ताप दुसऱ्याच दिवशी उतरला, तिसऱ्या दिवशी तो गच्चीवर पतंग उडवत होता. आज सातव्या चौकोनावर खूण झाली. पट्टीत तीन दिवसांच्या गोळ्या उरल्यात.