माईक वेबस्टर: सतरा सीझन, आणि त्यानंतर

मंडळी, अमेरिकन फुटबॉल म्हटलं की आपल्याला फार तर तो लांब बॉल फेकणारा क्वार्टरबॅक माहीत असतो, पण मी आज बोलणारे ते त्याच्या पुढ्यात वाकून उभ्या असणाऱ्या सेंटरबद्दल. याचं काम काय, तर दोन पायांमधून बॉल मागे द्यायचा आणि पुढच्याच क्षणी समोरच्या धिप्पाड गड्याला डोकं-खांदा लावून रोखायचं. मॅचमध्ये साठ-सत्तर वेळा हेच, प्रॅक्टिस वेगळी. कॅमेरा बॉलमागे पळतो, त्यामुळे याच्याकडे बघतंय कोण!

माईक वेबस्टर 1952 चा, विस्कॉन्सिनमधला, बटाटे पिकवणाऱ्या घरातला. 1974 मध्ये एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या पिट्सबर्ग स्टीलर्स टीमने त्याला ड्राफ्टच्या (टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीच्या) पाचव्या फेरीत घेतलं, म्हणजे आधी कुणी फारसं विचारलंच नाही, कारण सेंटरच्या मानाने अंगाने लहान. मग गड्याने काय केलं, व्यायाम करून करून दंड असे कमावले की कडाक्याच्या थंडीत पण बाह्या वर सारून उघड्या हातांनी खेळायचा. नावच पडलं 'आयर्न माईक'. सहा सीझनमध्ये चार सुपर बोल, म्हणजे लीगच्या फायनल, जिंकले, पंधरा सीझन पिट्सबर्गला, दोन कॅन्सस सिटीला, आणि 1990 च्या सीझननंतर थांबला.

इथपर्यंत सगळं झकास. पण खेळ सुटला आणि माणूस हातातून निसटायला लागला. विसरायला लागला, चिडायला लागला, पैसा गेला, संसार मोडला, कधी पिकअप ट्रकमध्ये झोपायचा. आणि झोप तरी कुठली, अंग इतकं ठणकायचं की शॉक देणारी टेझर गन स्वतःवर चालवून घ्यायचा, तेव्हा कुठे डोळा लागायचा. दात पडले तर सुपरग्लूने चिकटवायचा. चार वेळचा चॅम्पियन हो हा!

1997 मध्ये कँटन या गावी हॉल ऑफ फेमचा, म्हणजे फुटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत त्याला घेण्याचा, कार्यक्रम झाला. स्टेजवर त्याचा जुना क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ, भाषण करता करता त्याने बॉल मागवला, म्हणाला एकदा शेवटचं करू, आणि दोघं सुटाबुटात वाकले, माईकने बॉल मागे दिला, लोकांनी टाळ्यांचा नुसता कडकडाट केला. नंतर माईक स्वतः बोलायला उभा राहिला तर भाषण भरकटतच गेलं.

आता माझा खरा मुद्दा. 1999 मध्ये खेळाडूंच्या पेन्शन बोर्डाने त्याला डिसॅबिलिटी मंजूर केली, डोक्याला खेळताना बसलेल्या मारामुळे हे झालं असं मान्य करून. म्हणजे कागदावर मान्य. 2002 मध्ये तो पन्नाशीतच गेला. पिट्सबर्गमधल्या बेनेट ओमालू नावाच्या नायजेरियन डॉक्टरने पोस्टमॉर्टेम केलं, मेंदू वरून अगदी नॉर्मल दिसत होता, तरी यांनी तो ठेवून घेतला, पदरमोड करून स्लाइड बनवल्या, आणि त्यात टाऊ नावाच्या प्रोटीनच्या गुठळ्या सापडल्या. डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसून होणाऱ्या मेंदूच्या या आजाराला सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी) म्हणतात, तो आधी मुख्यतः बॉक्सरांमध्ये माहीत होता. 2005 मध्ये यावर ओमालूंचा संशोधनाचा पेपर छापून आला, आणि लीगच्याच कमिटीतले डॉक्टर म्हणायला लागले की हा मागे घ्या! अरे, तुमच्याच खेळाडूंचं बोर्ड सहा वर्षांपूर्वी काय लिहून बसलंय? मला तर हा निव्वळ निर्लज्जपणा वाटतो. फुटबॉलचा आणि सीटीईचा संबंध आहे हे लीगच्या मोठ्या अधिकाऱ्याने उघडपणे कबूल केलं ते थेट 2016 मध्ये.

मागून कुणीतरी विचारलं, हेल्मेट असतं ना मग? असतं, आणि कवटी फुटण्यापासून ते वाचवतंही. पण आतलं खोबरं सुटलेला नारळ हलवून बघा, करवंटी शाबूत आणि आत गडगड चालूच. मेंदूचं साधारण तसंच, आणि वेबस्टरसारख्याला एकच जबरदस्त धक्का बसलेला नसतो, हजारो बारीकसारीक बसलेले असतात, ज्यांची त्या काळात कुणी नोंदसुद्धा ठेवत नव्हतं.