कटर निवडताना

नमस्कार श्रोतेहो. पुठ्ठा, चामडे, गालिचा, जिप्सम बोर्ड, रबर, कापडाचे थर अशा नाना वस्तू ज्या एका लहानशा हत्याराने कापल्या जातात, ते कटर कसे निवडावे, याविषयी मी आज बोलणार आहे. बहुतेक जण कटर हातात घेतात, मुठीचा आकार पाहतात, अंगठ्याने पाते दोनदा आतबाहेर सरकवतात आणि तेवढ्यावर निवड उरकतात. माझ्या मते दोन प्रश्न आधी विचारायला हवेत. कापताना पाते मुठीत किती घट्ट बसते, हा पहिला प्रश्न. आणि बोथट झालेली धार किती सहज बदलता येते, हा दुसरा. हे मी पुन्हा सांगतो, कारण पुढचे सारे त्यावरच उभे आहे: पात्याची घट्ट बैठक आणि धार बदलण्याची सोय.

यांतला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बोथट पात्याला जोर जास्त लावावा लागतो, जोर लावला की पाते घसरते, आणि घसरलेले पाते बहुधा वस्तू धरून ठेवलेल्या दुसऱ्या हाताकडेच जाते. म्हणून धार बदलायला जे कटर त्रास देते, ते कितीही मजबूत असले तरी माणूस त्यात बोथट पातेच चालवत राहतो. धार बदलण्याच्या याच अडचणीवर जपानमधील एका कामगाराने जो उपाय शोधला, त्याची हकिगत मला फार प्रिय आहे आणि ती मी सविस्तर सांगणार आहे.

योशिओ ओकादा हे ओसाका शहरातील एका छापखान्यात कागद कापण्याचे काम करीत. कागद हाताला मऊ लागतो, पण धार तो फार लवकर खातो. त्या कामाला दाढीचे ब्लेड वापरावे, तर कापण्याचे प्रत्यक्ष काम ब्लेडचा कोपराच करतो. तो कोपरा झिजला की बाकीची सगळी धार कोरी असूनही ब्लेड टाकून द्यावे लागे. चाकू वापरावा, तर पुन्हा पुन्हा धार लावण्यासाठी हातातले काम थांबवावे लागे. रोज डोळ्यांसमोर होणारी ही नासाडी ओकादांना सलत होती. झिजलेला कोपरा तेवढा काढून टाकता आला आणि त्याच पात्याला लगेच नवा कोपरा मिळाला तर किती बरे होईल, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला.

वाट दाखवली ती दोन जुन्या आठवणींनी. चामड्याचे बूट तयार करणारे कारागीर तळवे तासण्यासाठी काचेचा तुकडा वापरत आणि त्याची कड बोथट झाली की तो फोडून नवी धारदार कड काढत, हे त्यांनी पाहिले होते. दुसरी आठवण होती युद्धानंतर जपानमध्ये आलेल्या अमेरिकी सैनिकांजवळच्या चॉकलेटची. त्या वडीवर आधीच खाचा असत, त्यामुळे हाताने मोडली तरी ती नेमकी खाचेवरच तुटे. मोडल्याने नवी धार मिळते हे काचेने दाखवले होते, आणि मोड हवी तेथे आधीच आखून ठेवता येते हे चॉकलेटने. या दोन्ही गोष्टी एकत्र आणून ओकादांनी 1956 साली लांब पात्यावर तिरक्या खाचा पाडल्या, आणि टोकाचा तुकडा मोडून नवे टोक पुढे सरकवण्याचे कटर जन्माला आले.

श्रोतेहो, यातली खरी करामत खाचेत आहे. खाच फार उथळ झाली तर तुकडा वेडावाकडा तुटतो किंवा तुटतच नाही. फार खोल झाली तर पाते कापता कापताच मोडते. पुढे 1967 साली ओकादांनी आपल्या भावांसह स्वतःची कंपनी काढली, तीच आजची ओल्फा. त्यांच्या पात्यांची 9 आणि 18 मिलिमीटर ही रुंदी आणि खाचेचा 59 अंशांचा कोन इतर उत्पादकांनीही स्वीकारला, म्हणूनच एका कंपनीचे पाते आज सहसा दुसऱ्या कंपनीच्या मुठीत बसते. हत्यारांच्या पेटीत चटकन दिसावे म्हणून या कटरला पिवळा रंग देण्यात आला. हत्याराची मूठ भडक रंगाचीच असावी, असे माझे ठाम मत आहे, कारण पसाऱ्यात दडलेले उघडे पाते आधी हाताला लागते आणि मग डोळ्यांना दिसते. वाफेच्या इंजिनाची कथा आपण मुलांना शिकवतो, तशी साध्या हत्यारांच्या निर्मात्यांचीही शिकवली पाहिजे, असेही मला मनापासून वाटते.

आता निवडीकडे येऊ. कागद, पातळ पुठ्ठा आणि नाजूक वळणे यांसाठी 9 मिलिमीटरचे पाते योग्य. जाड पुठ्ठा, गालिचा आणि जिप्सम बोर्ड यांसाठी 18 मिलिमीटरचे. कडक वस्तूवर सतत जोर द्यावा लागत असेल, तर खाचा नसलेले, दोन्ही टोकांनी वापरता येणारे जाड चौकोनी पाते अधिक भरवशाचे, कारण ते आडव्या दाबाने सहजासहजी मोडत नाही. खालच्या थराला ओरखडा येऊ द्यायचा नसेल, तर हुकासारखे वाकलेले पाते घ्यावे. दिवसभर खोकी उघडणाऱ्यांनी मात्र अंगठा सोडताच पाते स्प्रिंगने आत जाणारे कटरच वापरावे.

बैठक पारखायची असेल, तर पाते एक-दोन तुकड्यांइतके बाहेर काढावे, त्याची बोथट पाठ चिमटीत धरून ते बाजूला हलवून पाहावे. ते डगडगत असेल, तर सरळ रेघ कापली जाणार नाही. पाते ज्या खोबणीतून सरकते ती धातूची असावी. हलक्या कामाला आपोआप अडकणारा खटका पुरतो. जोराच्या कामाला फिरवून आवळायची चकती हवी. डावखुऱ्यांनी पाते उलटे घालता येते का, हेही पाहावे.

कापताना पाते गरजेपुरतेच बाहेर काढावे, धातूची पट्टी लावावी आणि एकाच जोरकस ओढीऐवजी तीन-चार हलक्या ओढींनी कापावे. पुन्हा सांगतो, हलक्या ओढी आणि ताजी धार. तुकडा मोडताना डोळ्यांवर चष्मा असावा, धार आपल्यापासून दूर असावी, आणि टोकाचा एकच तुकडा पकडीने किंवा मुठीमागच्या टोपणाच्या फटीत अडकवून मोडावा. मोडलेले तुकडे झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात साठवावेत. डबा भरला की ती चीर चिकटपट्टीने बंद करावी आणि डब्यावर आत धारदार पाती असल्याचे मोठ्या अक्षरांत लिहावे, कारण तो डबा पुढे ज्या माणसाच्या हातात जाईल, त्याला आत काय आहे ते दुसऱ्या कशानेही कळणार नाही.