झाडावरचं वानर आणि .२२ ची गोळी

[दृश्य : जांभ्याच्या पायरीवर एक छोटी रिकामी पुंगळी. कॅमेरा अगदी जवळ.]

करंगळीच्या पेराएवढी ही पुंगळी नेमबाजीच्या रेंजवरून आणलेली आहे. काडतुसाचं नाव .२२ लाँग रायफल; .२२ म्हणजे गोळीची इंचातली जाडी. हे काडतूस १८८७ सालचं, अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीचं. त्यात शिशाची गोळी असते, वजन साधारण २.६ ग्रॅम. तळ नीट बघा. मधोमध बार पेटवणारी टोपी नाही, सगळं सपाट आहे. पेटणारा मसाला कडेच्या पोकळ काठात भरलेला असतो. फायरिंग पिन त्या काठावर आपटते, काठ चेपतो आणि बार उडतो. तो चेपलेला ठसा इथे डावीकडे दिसतोय, नखाने खरवडल्यासारखा. काठ एकदा चेपला की पुंगळी पुन्हा भरता येत नाही.

महाराष्ट्राला हे काडतूस तसं अनोळखी नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, ते याच .२२ वर. त्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं.

[दृश्य : रेखाचित्र. बाटलीसारखी मान असलेलं लांब काडतूस.]

हे दुसरं फक्त चित्रात. .२२-२५०. गोळीची जाडी जवळपास तेवढीच, साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. पण मागची पुंगळी जाड, दारू कितीतरी जास्त, आणि टोपी तळाच्या मधोमध. पहिल्या काडतुसाची गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर जाते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या आसपास. या दुसऱ्याची सेकंदाला ११०० मीटरच्या पुढे. नळीच्या तोंडाशी मोजली तर तिची ऊर्जा पहिलीच्या पंधरा पट भरते.

असं काडतूस कुणाला आणि का हवं होतं?

अमेरिकेच्या शेतकऱ्याला. तिकडे ग्राउंडहॉग शेतात बिळं खणतो, पश्चिमेच्या माळरानावर प्रेअरी डॉग या खारीच्या जातीतल्या प्राण्याच्या वसाहती पसरलेल्या असतात, कोल्ह्यासारखे कोयोटे मेंढ्यांच्या कोकरांवर टपून असतात. जनावर लहान, सावध, आणि दोनशे-तीनशे मीटरवर. एवढ्या अंतरावर साधी .२२ ची गोळी कामाची नाही. ५० मीटरला जुळवलेली ती रायफल १५० मीटरवर पाऊण मीटरच्या आसपास खाली मारते. म्हणून बारीक पण वेगवान गोळीचा शोध सुरू झाला. १९३० मध्ये विंचेस्टरने .२२ हॉर्नेट बाजारात आणलं, १९३५ मध्ये .२२० स्विफ्ट. स्विफ्टची गोळी सेकंदाला १२०० मीटरच्याही पुढे जायची, आणि कारखान्यात बनलेल्या काडतुसाने तोवर एवढा वेग गाठला नव्हता. मग १९५० चं .२२२ रेमिंग्टन, त्याच्यावरून पुढे .२२३. आपलं चित्रातलं .२२-२५० तर तीस वर्षं हौशी लोक स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बनवत होते. रेमिंग्टनने ते १९६५ मध्ये रीतसर कारखान्यात घेतलं. दोनशे मीटरला जुळवलं तर तीनशे मीटरवर त्याची गोळी वीतभरच खाली येते. शिवाय गोळीवरचं कवच पातळ, त्यामुळे मातीला लागताच तिचा चुरा होतो, ती उसळून दुसरीकडे जायची भीती कमी. सपाट, मोकळ्या मुलखासाठी हे फार हुशारीने केलेलं काम आहे. मुलुख बदलला की ती हुशारी उलटते.

[दृश्य : देवगड तालुक्यातली आंब्याची बाग. वर फांद्या हलतायत.]

हा देवगड. मे महिना. कलमांवर वानरांचा कळप आहे. एक फळ तोडायचं, एक चावा घ्यायचा, टाकायचं, पुढचं तोडायचं. माडावर चढले की शहाळी खाली. बागायतदाराचा जीव वरखाली होतो, आणि त्याचा हिशेब कुठल्याच पंचनाम्यात नीट बसत नाही.

आता नेम कुठे धरायचा ते बघा. प्रेअरी डॉग जमिनीवर असतो, नेम चुकला तर गोळी मागच्या मातीत शिरते. वानर शेंड्यावर असतं, त्याच्या मागे आभाळ. चुकलेली गोळी मातीत न शिरता पुढे जाते. अगदी छोट्या .२२ लाँग रायफलची गोळीसुद्धा दीड किलोमीटर जाऊ शकते. कोकणात दीड किलोमीटरमध्ये काय काय येतं? पलीकडची वाडी, शाळा, देऊळ, पाणंदीने चाललेली माणसं. आणि खाली मारली तर? शिशाची मंद गोळी कातळाच्या सड्यावरून उसळते. खाडीच्या पाण्यावरूनही उसळते.

कोकणात पूर्वापार दिसते ती छऱ्यांची बंदूक. एक तर ठासणीची : नळीत तोंडाकडून दारू, वर बोळा, गजाने ठासायचं, मग छरे, पुन्हा बोळा, आणि मागे केप, म्हणजे बार पेटवणारी टोपी. पावसाळ्यात दारू सर्दावली की घोडा नुसताच टक् करून पडतो. दुसरी बारा बोअर. तिच्या नळीत बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात, म्हणून बारा. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली ‘शक्तिमान’ काडतुसं तिच्यात चालतात. तिचा बारीक छरा चाळीस मीटरच्या पुढे निकामी, आणि दोन-तीनशे मीटरच्या आत खाली येतो. अमेरिकन शिकाऱ्याला हा दोष वाटेल. इथे तोच गुण आहे.

रानडुकराचं गणित आणखी वेगळं. रात्रीत भातखाचर उलथंपालथं करणारं ते जनावर जाड कातडीचं आणि वजनदार. हलकी, फुटणारी गोळी त्याला मारत नाही, जखमी करते. जखमी डुक्कर रानात शिरलं की दुसऱ्या दिवशी पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करायला गेलेल्या बाईची गाठ त्याच्याशी पडते.

मग कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी, म्हणजे मारायला मोकळीक असलेले, म्हणून कावळा, फळं खाणारी वटवाघळं आणि उंदीर यांची नावं होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. वानर तिच्यात कधीच नव्हतं. पीक नासवणाऱ्या डुकरासाठी वनखात्याकडे परवानगी मागता येते, ती मिळेपर्यंत हात बांधलेले. काही जण मग फासकी लावतात. हा मार्ग बंदुकीपेक्षा वाईट : फासकी डुक्कर ओळखत नाही, तिच्यात बिबट्या अडकतो आणि तडफडतो.

म्हणजे शेतीसंरक्षणाचा परवाना काढून घेतलेली बंदूक बहुतेक वेळा आवाजासाठीच असते. या बागेतले काका हवेत बार काढतात. कळप कातळापलीकडे पळतो, दुपारपर्यंत परततो.

“बंदूक वांदरांका मारूक नाय हो, पळवूक,” ते म्हणतात.

[दृश्य : भिंतीवरची रिकामी खुंटी.]

निवडणूक आली की ती बंदूक घरी राहत नाही, पोलीस ठाण्यात जमा होते. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, ती जूनच्या पहिल्या आठवड्यात उठली. म्हणजे हापूसचा सगळा मोसम. विधानसभेची लागली १५ ऑक्टोबरला, भात कापणीला आलेलं असताना. कुणाचं शस्त्र जमा करायचं आणि कुणाला सूट द्यायची, हे छाननी समिती ठरवते. निवडणुकीत शस्त्रं जमा व्हावीत, यात वाद नाही. पण सातबारा जोडून घेतलेली, परवान्यावर शेतीसंरक्षण लिहिलेली बंदूक दरवेळी सरसकट त्याच ढिगात का जावी, हे काकांना कळत नाही. मलाही पटत नाही.

काकांनी सुतळी बॉम्ब आणून ठेवलेत. पहिल्या दिवशी कळप पळाला. तिसऱ्या दिवशी एक हुप्प्या फांदीवर बसून वात जळताना बघत होता.

“वांदरांका आचारसंहिता आमच्याआधी कळता,” काका म्हणाले, आणि काडेपेटी खिशात टाकून खालच्या कलमांकडे गेले.