‘पुस्तक कुठे मिळेल?’

नमस्कार. इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांचं एक तरी पुस्तक निघालं आहे किंवा छपाईच्या वाटेवर आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. लेखकाने चार ठिकाणी सांगितलं, बातमी छापून आली, कुणीतरी फोन करून विचारलं, “पुस्तक कुठे मिळेल?” आणि तिथेच घोडं अडतं. लेखक म्हणतो, प्रकाशकांना विचारा. प्रकाशकाचा फोन लागत नाही, गावातल्या दुकानात प्रत पोचलेली नसते, आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस पुस्तकाचं नावही विसरलेला असतो. वाचन कमी झालंय, ही तक्रार आपण नेहमी करतो. पण जो वाचायला तयार होता, पैसे द्यायला तयार होता, तो हातचा गेला याची हळहळ मला जास्त वाटते. कारण हे नुकसान टाळता येतं.

आधी हिशेब बघू. समजा, डेमी आकाराचं, म्हणजे नेहमीच्या कादंबरीएवढं, २०८ पानांचं पुस्तक आहे, म्हणजे १६ पानी १३ फर्मे (एका कागदावर एकदम छापून घडी घातलेले पानांचे संच). ५०० प्रतींची आवृत्ती, किंमत ३०० रुपये, छपाई-बांधणी प्रतीला ९० रुपये. वितरकाला ४५ टक्के सवलत दिली की प्रकाशकाच्या हाती १६५ येतात. त्यातून छपाईचे ९० आणि लेखकाचं १० टक्के मानधन, म्हणजे ३० रुपये वजा करा. उरलेल्या ४५ रुपयांत अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, गोदाम, न खपता परत आलेल्या प्रती, सगळं बसवायचं असतं. आकडे पुस्तकागणिक आणि प्रकाशकागणिक बदलतील, पण घडण हीच. वेगळ्या जाहिरातीला यात पैसा नाही. तेव्हा प्रकाशक काही करत नाही म्हणून रागावण्यापेक्षा, तो काय करणार आणि मी काय करणार हे करार करतानाच लिहून घ्यावं.

लेखकाने स्वतः प्रती विकत घ्यायच्या तर? ४० टक्के सवलतीने प्रत १८० ला पडते. कार्यक्रमात २० टक्के सवलत देऊन २४० ला विकली तर ६० सुटतात. उत्साहात १५० प्रती एकदम उचलल्या तर २७ हजार रुपये अडकतात आणि ११३ प्रती विकल्यावरच ते मोकळे होतात. म्हणून एका वेळी ३०-४० प्रतींच्या वर घरात आणू नका. पुस्तकांना ओल लागते, कोपरे दुमडतात, पावसाळ्यात पानं लाटेसारखी होतात. तशी प्रत कुणाला देता येत नाही.

आता वाचक. “माझं पुस्तक सर्वांसाठी आहे” हे वाक्य मनातून काढून टाका, कारण ‘सर्वां’चा पत्ता कुणाकडेच नसतो. समजा, पुस्तक देशी बियाण्यांवर आहे. मग त्याचा वाचक कृषी विज्ञान केंद्रात येतो, शेतकरी गटांत असतो, डिसेंबरात पुण्याजवळ मोशीच्या किसान प्रदर्शनाला जातो, आणि शहरात गच्चीवर भाजी लावणाऱ्यांच्या मंडळात असतो. यातला प्रत्येक जण वाङ्मयप्रेमी असेलच असं नाही, आणि साहित्याच्या कार्यक्रमांत तो तुम्हाला भेटणारही नाही. पुस्तक हाती येण्याच्या सहा महिने आधी दोनशे नावांची यादी करा: नाव, गाव, मोबाइल आणि या माणसाला हे पुस्तक का हवं असेल याची एक ओळ. ती ओळ सुचत नसेल तर नाव खोडा. कवितासंग्रहाची यादी निराळी होईल, लहान होईल, पण ती करावीच लागते.

प्रकाशनपूर्व सवलतीची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोश काढला तो आगाऊ वर्गणीदार आणि भागधारक मिळवून. त्या बळावर २३ खंड उभे राहिले. आपल्या एका पुस्तकाला सहा आठवड्यांची नोंदणी पुरते. ३०० चं पुस्तक २१० ला, अमुक तारखेपर्यंत. इथे एक चूक वारंवार होते. पुस्तक अजून मुद्रितशोधनात असताना नोंदणी जाहीर होते, मग पानं वाढतात, किंमत बदलते, तारीख दोन महिने पुढे जाते आणि पैसे भरलेली माणसं रोज विचारू लागतात. शेवटचं मुद्रित तपासून झालं, पानं आणि किंमत पक्की झाली, मुखपृष्ठ हातात आलं, की मगच जाहीर करा. छापखान्याने दिलेल्या तारखेत वीस दिवस मिळवून लोकांना सांगा. नोंदणीची वही किंवा तक्ता पहिल्या दिवसापासून ठेवा: नाव, पिनकोडसह पूर्ण पत्ता, मोबाइल, प्रती, पैसे मिळाल्याची तारीख, पाठवल्याची तारीख, टपालाचा क्रमांक आणि शेवटचा रकाना ‘कुठून कळलं?’. हा शेवटचा रकाना फार मोलाचा आहे. पन्नास नोंदी झाल्या की तुमचे वाचक वर्तमानपत्रातून येतात, एखाद्या गटातून येतात की एका मित्राच्या सांगण्यावरून, ते आपोआप दिसतं, आणि पुढची मेहनत तिकडेच करता येते.

व्हॉट्सॲपबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आज बरीचशी विक्री तिथून होते आणि बरंचसं नुकसानही. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो. बाकीच्यांना काही जात नाही आणि तुम्हाला ते कळतही नाही. म्हणून ओळख झाली की “माझा नंबर सेव्ह करून ठेवा” असं तिथल्या तिथे सांगा. ऐंशी जणांच्या गटात मुखपृष्ठ टाकून “माझे नवे पुस्तक, आशीर्वाद असावेत” असं लिहिलं की अभिनंदनाचे अंगठे येतात, विक्री होत नाही, कारण तिथे कुणी काही मागितलेलंच नसतं. त्यापेक्षा एकेकाला असं लिहा:

“काका, गेल्या वर्षी तुम्ही कोथिंबिरीचं गावरान बी कुठे मिळेल म्हणून विचारत होतात. बी घरी कसं धरायचं, वाळवायचं, राखेत कसं ठेवायचं, यावर माझं पुस्तक आलंय. पानं २०८, किंमत ३००, ३१ तारखेपर्यंत २४० रुपये, टपालखर्च माझ्याकडे. हवं असेल तर पत्ता पाठवा, पैशाचा क्यूआर सोबत देतोय.”

यात माणूस आहे, त्याची गरज आहे, किंमत आहे, मुदत आहे आणि पैसे कसे द्यायचे तेही आहे. विचारायला काही उरत नाही. असे दिवसाला दहा निरोप लिहिले तरी वीस दिवसांत यादी संपते.

एक सूचना मात्र कळकळीची: संपूर्ण पुस्तकाची पीडीएफ कुणालाही पाठवू नका, परीक्षणासाठीही नाही. ती एकदा गटांत फिरू लागली की परत घेता येत नाही. वाचून बघायला म्हणून आठ-दहा पानांचं एक प्रकरण वेगळं काढून ठेवा, आणि त्याच्या शेवटच्या पानावर पुस्तक कुठे मिळेल ते छापा.

आता पार्सल. २०८ पानांचं डेमी पुस्तक ८० ग्रॅमच्या कागदावर साधारण २६५ ग्रॅम भरतं. भारतीय टपाल खात्याची ज्ञान पोस्ट ही पुस्तकांसाठीची सेवा १ मे २०२५ पासून सुरू आहे. त्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव असावं लागतं आणि व्यावसायिक जाहिरात आत चालत नाही. आपलं पुस्तक या सेवेत बसतं का, ते एकदा काउंटरवर विचारून घ्या. जाड पुठ्ठा घातला की वजन ३०० च्या पुढे जातं आणि वरचा दर लागतो. तेव्हा आधी प्लास्टिकची पिशवी चिकटपट्टीने बंद करायची, मग पातळ पुठ्ठा पुस्तकाच्या मापापेक्षा बोटभर मोठा कापायचा, म्हणजे मार पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला बसतो, पुस्तकाच्या नाही. मग तपकिरी कागद. घरी काट्यावर वजन करूनच निघा. ही सेवा जमिनीवरून जाते, वेळ लागतो; वाढदिवसाला हवं असलेलं पुस्तक स्पीड पोस्टानेच पाठवा. परदेशातल्या मराठी वाचकाला टपालखर्च बहुधा पुस्तकापेक्षा जास्त पडतो. त्यांच्यासाठी ई-आवृत्तीची सोय हवी, नाहीतर इथे आलेल्या नातेवाइकांच्या पत्त्यावर प्रत द्यावी.

ऑनलाइन दुकानात एक बारीक गोष्ट विक्री अडवते. लोक मराठी पुस्तकाचं नाव रोमन अक्षरांत टाइप करून शोधतात, आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं असतं. माहिती भरताना नाव देवनागरीत द्या, रोमनमध्ये द्या, आणि वर्णनात आणखी एक-दोन प्रचलित स्पेलिंगं येतील असं बघा. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत विषय स्पष्ट सांगा, कारण मोबाइलवर तेवढंच दिसतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. स्वतः पुस्तक काढणाऱ्यांनी त्यासाठी मधल्या कुणाला पैसे देऊ नयेत.

प्रकाशन समारंभाला आपण फार मोठं मानतो. सभागृह, पाहुण्यांचा प्रवास, शाल-श्रीफळ, अल्पोपाहार यात जेवढा खर्च होतो तेवढ्यात दीडशे प्रती जागोजागी पोचवता येतात. समारंभ करायचाच, तर पुस्तकांचं टेबल बाहेर जाण्याच्या दाराशीच हवं. आतल्या कोपऱ्यात ठेवलं की माणसं चहाकडे वळतात आणि तशीच घरी जातात. टेबलावर दोन माणसं, एक पैसे घेणारा आणि एक प्रती देणारा; ए-फोर कागदावर छापलेला क्यूआर, पन्नासच्या आणि दहाच्या सुट्या नोटा, पावतीपुस्तक, दोन पेनं. लेखकाची सही टेबलापाशीच, पुस्तक घेतल्यावर. भाषणं मिळून सव्वा तासात संपवा आणि त्यातली दहा मिनिटं पुस्तकातली दोन पानं वाचायला राखा. पाहुण्यांच्या स्तुतीपेक्षा ती दोन पानं जास्त प्रती विकतात.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना परीक्षणासाठी दोन प्रती पाठवायची रीत आहे. सोबत एका पानाचं पत्र: विषय, पानं, किंमत, प्रकाशकाचा पत्ता, विक्रीचा नंबर. मुखपृष्ठाची चांगली प्रतिमा ई-मेलने. परीक्षण आलं नाही तरी ‘साभार पोच’मध्ये, म्हणजे मिळालेल्या पुस्तकांच्या यादीत, नाव येतं आणि ग्रंथपाल ते सदर वाचतात. दिवाळी अंकात पुस्तकातलं प्रकरण यावं असं वाटत असेल तर जुलैच्या आत संपादकांशी बोला, गणपतीनंतर उशीर झालेला असतो.

ग्रंथालयं हा आपला सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित ग्राहक आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली महाराष्ट्रात शासनमान्य ग्रंथालयांची संख्या ११-१२ हजारांच्या घरात आहे, अ, ब, क, ड अशा वर्गांत. त्यांची खरेदी अनुदानाच्या हप्त्यावर चालते; पैसे आले की घाईने, आणि मार्चअखेरच्या आत. त्या वेळी ग्रंथपालासमोर वितरकाची यादी असते. तुमचं पुस्तक त्या यादीत नसेल तर तुमच्या ओळखीचा उपयोग थोडाच. म्हणून डिसेंबरच्या आत किमान दोन वितरकांकडे पुस्तक गेलं आहे का, ते प्रकाशकाला विचारा. ग्रंथपालांना भेटाल तेव्हा भेटप्रत देऊन फोटो काढण्यापेक्षा किंमत, सवलत आणि छापील बिल मिळण्याची खात्री द्या. बिलाशिवाय त्यांना खरेदी दाखवता येत नाही. कायद्याने कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना प्रकाशनानंतर ३० दिवसांत एकेक प्रत द्यायची असते. ती जबाबदारी प्रकाशकाची, पण पाठवली का ते विचारून घ्यावं.

याला जोडूनच तारखेची गोष्ट. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांसाठी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या वर्षातली पहिली आवृत्ती धरतात, आणि इतर अनेक संस्थांचे पुरस्कारही कॅलेंडर वर्षावरच चालतात. पुस्तक २० डिसेंबरला छापून आलं आणि आत डिसेंबर छापला, तर दहा दिवसांत ते ‘गेल्या वर्षीचं’ होतं. छापखाना डिसेंबरचा शेवट गाठणार असेल तर प्रकाशन जानेवारीत ठेवा आणि श्रेयनिर्देशाच्या पानावर तीच खरी तारीख घाला. मग १४ ते २८ जानेवारीचा भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन हातात मिळतो. त्या दिवसांत शाळा, महाविद्यालयं, बँका वक्ते शोधत असतात. व्याख्यानाचं मानधन घ्याच, पण त्याऐवजी वीस प्रती घेण्याची तयारी कुणी दाखवली तर तेही मान्य करा.

शेवटी, प्रती संपण्याबद्दल. प्रकाशकाकडे पन्नास प्रती उरल्या की पुनर्मुद्रणाचं बोलणं सुरू व्हायला हवं, कारण कागद, छपाई, बांधणी यात महिना सहज जातो आणि तेवढ्या काळात विचारणारे परत जातात. त्या आधीच छपाईच्या चुकांची यादी पानक्रमांकासह तयार ठेवा. आणि करार काढून बघा. त्यात हक्कांची मुदत लिहिलेली नसेल, तर १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती ५ वर्षं धरली जाते. नवा करार करताना एक ओळ आवर्जून घालून घ्या: पुस्तक सलग सहा महिने बाजारात उपलब्ध नसेल आणि लेखी कळवूनही पुनर्मुद्रण झालं नाही, तर सर्व हक्क लेखकाकडे परत येतील. मग “पुस्तक कुठे मिळेल?” असा फोन आला की निदान स्वतः छापून देण्याची वाट तुम्हाला मोकळी राहील.