भिंतीपलीकडचं दिसत होतं का?

गुन्हा घडलेल्या खोलीत तिपाईवर बसवलेलं लेसर स्कॅनरचं डोकं सावकाश गोल फिरतंय. खोलीत कुणी नाही, आणि नसावंच. मध्येच कुणी दारातून डोकावलं, तर त्याच्या चिंध्या मोजमापात उतरतात. लेसर किरण भिंतीवर, पलंगावर, फरशीवर आपटून परत येतो. प्रत्येक परतीला एक बिंदू. असे कोट्यवधी बिंदू मिळून होतो पॉइंट क्लाउड. व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटमध्ये, म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या पडद्यात, पुढे काय दिसणार, ते इथेच ठरतं. हेडसेट नंतर बदलता येतो, आवरलेलं घटनास्थळ पुन्हा मांडता येत नाही.

एका जागेवरून सोफ्यामागचं, टेबलाखालचं दिसत नाही, म्हणून तिपाई हलवत राहावी लागते. दोन खोल्या जोडायच्या तर एक स्कॅन थेट उंबरठ्यावरून. लागोपाठच्या स्कॅनमध्ये निदान तीन खुणा, म्हणजे पांढरे गोळे किंवा काळ्या-पांढऱ्या चौकड्या, सामाईक हव्यात. तिन्ही एका रेषेत नकोत. जोडीला प्रमाणित लांबीची पट्टी ठेवतात. खोलीत १ मीटर असलेली पट्टी मॉडेलमध्ये १.०१ भरली, तर जोडणीत घोळ आहे.

आरसा हा नेहमीचा त्रास. लेसरला तो कळत नाही, त्यामुळे भिंतीमागे आख्खी खोटी खोली उभी राहते. आरसा आधीच झाकावा. राहिलाच तर ते बिंदू काढावेत आणि काढल्याची नोंद ठेवावी. काचेतून किरण आरपार जातो, काळ्या चकचकीत पृष्ठभागावरून धड परतत नाही, आणि मॉडेलला भोकं पडतात. सॉफ्टवेअर ती हौसेनं बुजवून देतं. देऊ नये. भोक करडंच ठेवावं, म्हणजे इथे काही मोजलेलं नाही हे बघणाऱ्याला कळतं. मूळ फाइलींचं हॅश मूल्य (फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा) लगेच नोंदवायचं, काम प्रतीवर करायचं.

आता हेडसेट. ९० हर्ट्‌झचा पडदा, सेकंदाला ९० चित्रं, म्हणजे प्रत्येक चित्र सुमारे ११ मिलिसेकंदांत तयार हवं. सगळे बिंदू एकदम ओतले की ग्राफिक्स कार्ड धापा टाकतं, चित्र अडखळतं, बघणाऱ्याला मळमळतं. म्हणून बिंदू विरळ करतात. हत्यार आणि रक्ताचे शिंतोडे असलेला भाग मात्र दाटच ठेवतात.

सगळ्यात महागात पडते ती जमिनीची पातळी. साक्षीदार १५८ सेंटीमीटर उंच, म्हणजे डोळे साधारण १४७ वर. समोरची भिंत १५२ ची. हेडसेट १० सेंटीमीटरनं चुकला, की डोळे १५७ वर जातात आणि जे कधी दिसलंच नसतं ते दिसू लागतं. म्हणून प्रत्येक वेळी हातात धरायचा कंट्रोलर जमिनीला टेकवून उंचीचा आकडा शून्य येतो का, ते पाहायचं.

जर्मनीत बव्हेरियाच्या गुन्हे पोलिसांनी आउशवित्झच्या छळछावणीचं व्हीआर मॉडेल केलं, ते याच प्रश्नासाठी: टेहळणी बुरुजावरच्या पहारेकऱ्याला काय दिसत होतं? जुने फोटो पाहून त्यांनी त्या काळची झाडंसुद्धा उभी केली. नजरेआड एक फांदी आली तरी उत्तर बदलतं.

अंतराचा मामला वेगळा. हेडसेटमध्ये अंतरं बहुधा खरी असतात त्याहून कमी वाटतात. ‘किती लांब वाटलं?’ असं विचारू नये, मॉडेलमध्ये मोजावं. आणि साक्षीदाराला हेडसेट चढवायचाच असेल, तर त्याचा जबाब आधी लिहून, सही घेऊन.