वाळत घातलेले कपडे आणि एक लाख फोटो

[दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं, एकामागून एक. घरापुढे आडव्या बांबूवर ओवलेले सदरे. दगडी गडगा. धक्क्याला लागलेली होडी.]

हा माणूस वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढायचा. गावोगावी, बेटोबेटी, पुन्हा पुन्हा. कुणाच्या घरापुढे बांबूला अडकवलेल्या कामाच्या विजारी, मुलांच्या चड्ड्या, धुऊन पिळलेले सदरे. जोडीला विहिरी, कुंपणं, दुकानांच्या पाट्या, रस्त्यात खेळणारी पोरं, किनाऱ्याला लागलेली लाकडं.

त्यांचं नाव मियामोतो त्सुनेइची. पोट फोटोग्राफीवर नव्हतं. बेटांवर आणि डोंगरांतल्या गावांत पायी फिरायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बोलायचं आणि साध्या माणसांचं जगणं लिहून ठेवायचं, हे त्यांचं काम. कॅमेरा त्या कामातली टिपणवही होती. त्या टिपणवहीत सुमारे एक लाख फोटो जमले.

मला हे फोटो फार मोलाचे वाटतात, आणि ते सुंदर आहेत म्हणून नव्हे. त्यांतले बरेचसे चालत्या गाडीच्या खिडकीतून, बोटीच्या डेकवरून, चालता चालता घेतलेले आहेत. मांडणीसाठी थांबायला फोटो काढणाऱ्याला सवड नव्हती. त्याला गावाचं कसं चाललंय ते समजून घ्यायचं होतं.

[दृश्य: नकाशा. होन्शू आणि शिकोकू यांच्या मधला समुद्र, त्यातली बेटं.]

जपानच्या होन्शू आणि शिकोकू या मोठ्या बेटांच्या मध्ये सेतो अंतर्समुद्र आहे. शांत पाण्याचा, बेटांनी भरलेला. त्याच्या पश्चिम भागात, यामागुची प्रांतात सुओ-ओशिमा हे बेट आहे. १ ऑगस्ट १९०७ रोजी मियामोतोंचा जन्म इथल्या एका शेतकरी घरात झाला.

बेटावर सपाट जमीन थोडी आणि डोंगर फार. लोकांनी उतारावर दगड रचले, गडगे घातले, पायरीपायरीने शेतं वर नेली. तरी सगळ्यांचं पोट भरायचं नाही. म्हणून इथली माणसं सुतारकाम, गवंडीकाम करायला बाहेर पडायची, समुद्र ओलांडून जायची. १८८५ साली सरकारी करारावर मजूर घेऊन पहिलं जहाज हवाईला निघालं, तेव्हा त्यातले सुमारे एक तृतीयांश लोक या ओशिमा भागातले होते. मियामोतोंचे वडील झेन्जुरो हेही तरुणपणी मजुरीसाठी फिजीला गेले होते. ते रिकाम्या हातांनी परतले.

शेजारच्या ओकिकामुरो या चिमुकल्या बेटाची तर कथाच वेगळी. गळाने मासे धरणारे हे लोक हवाई, तैवान, कोरियापर्यंत पसरले. 'हजार घरांचं ओकिकामुरो' असं त्याला म्हणत. दूर गेलेल्यांना गावाची खबर कळावी म्हणून १९१४ पासून या बेटावरून 'कामुरो' नावाचं मासिक निघत होतं. कोणाकडे लग्न, कोण वारलं, कोणी देवळाला किती पैसे पाठवले, सगळं त्यात छापून यायचं. कोकणातल्या चाकरमान्यांची घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे बेट समजायला वेळ लागणार नाही.

अशा बेटावर वाढलेल्या मुलाला घर सोडणं नवं नसतं. १९२३ साली पंधरा-सोळा वर्षांचे त्सुनेइची ओसाकाला निघाले. निघताना वडिलांनी त्यांना काही गोष्टी सांगितल्या आणि त्यांनी त्या लिहून घेतल्या. सांगणं साधं होतं.

गाडीत बसलास की खिडकीबाहेर नीट बघ. शेतात काय लावलंय, पीक बरं आहे की वाईट, घरं मोठी की लहान, छपरं कौलारू की गवताची. स्टेशनात गाडी थांबली की कोण चढतं, कोण उतरतं, त्यांच्या अंगावर काय आहे ते बघ. मालधक्क्यावर कसला माल पडलाय तेही बघ. एवढ्यावरून तो मुलूख श्रीमंत की गरीब, तिथली माणसं कष्टाळू आहेत की नाहीत, ते कळतं. नव्या गावात गेलास की आधी उंच जागी चढ आणि गावाचा अंदाज घे. पैसे असतील तर तिथलं खास खाणं खा, त्यावरून तिथल्या राहणीची पातळी कळते. जमेल तितकं पायी चाल. आणि लोकांच्या नजरेतून जे सुटलं असेल ते पाहा, त्यात नेहमीच काहीतरी महत्त्वाचं असतं.

शाळेची फारशी पायरी न चढलेल्या शेतकऱ्याची ही शिकवण. पुढे मुलाने काढलेले फोटो हाताशी घेऊन ही यादी वाचावी. पीक, घरं, छपरं, अंगावरचे कपडे, धक्क्यावरचा माल, टेकडीवरून दिसणारं गाव. तीच यादी, एकेक करून.

[दृश्य: ओसाकाचे जुने रस्ते. मग अंधार.]

ओसाकात ते तारखात्यात लागले, पुढे प्राथमिक शाळेत मास्तर झाले. क्षयाने गाठलं म्हणून बेटावर परतावं लागलं. अंथरुणावर असतानाच त्यांनी गावातल्या गोष्टी, चालीरीती लिहायला सुरुवात केली. पुढे शिबुसावा केइझो भेटले. उद्योगपतींच्या घराण्यातला हा बँकर पुढे बँक ऑफ जपानचा गव्हर्नर आणि अर्थमंत्रीही झाला, पण त्याचा जीव होता लोकांच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंवर. १९३९ मध्ये मियामोतो त्यांच्या संशोधन संस्थेत आले आणि कितीतरी वर्षं तोक्योत शिबुसावांच्या घरीच राहिले.

जुलै १९४५ मध्ये ओसाकाजवळच्या साकाई शहरावर हवाई हल्ला झाला. मियामोतोंचं तिथलं घर जळालं. वर्षानुवर्षं गावोगाव हिंडून भरलेल्या वह्या आणि हस्तलिखितं त्यात खाक झाली. ज्या म्हाताऱ्यांनी ते सांगितलं होतं, त्यांतले कितीतरी तोवर गेलेले असणार. त्यांना पुन्हा विचारता येणार नव्हतं.

माणूस इथे खचतो. मियामोतो पुन्हा चालायला लागले.

[दृश्य: लाटा. समुद्रात उभी बोट, तिच्याकडे जाणारा पडाव.]

१९५० आणि १९५१ साली वेगवेगळ्या विषयांच्या अभ्यासकांनी मिळून जपान आणि कोरिया यांच्या मधल्या त्सुशिमा बेटाची पाहणी केली. त्यात मियामोतो होते. युद्धानंतर जपान सावरू लागला होता, पण ते सावरणं दूरच्या बेटांपर्यंत पोचलं नव्हतं. कित्येक बेटांवर वीज नव्हती. बोट लागेल असा धक्का नव्हता. बोट समुद्रातच थांबायची, माणसं आणि सामान पडावात उतरवायचं आणि लाटा सांभाळत किनारा गाठायचा. समुद्र खवळला की बोट न थांबताच पुढे जायची. एखादा आजारी असला तर त्याचं काय, हा प्रश्न तिथे रोजचा होता.

मियामोतो बेटावरचेच. त्यांना हे पाहून नुसतं लिहून ठेवणं पुरेसं वाटलं नाही. १९५३ साली दूरच्या बेटांच्या विकासाचा कायदा झाला. त्यामागे ज्यांनी धडपड केली त्यांत मियामोतो होते. बेटांवरच्या गावांची जी देशव्यापी परिषद स्थापन झाली, तिचे सरचिटणीसपदही त्यांनी सांभाळलं. त्यांच्या फोटोंत धक्के, बंधारे, विजेचे खांब एवढे का दिसतात, ते इथे उलगडतं. बेटांसाठी भांडणारा माणूस त्या त्या बेटावर जाऊन पाहत होता, काय आलं आणि काय अजून यायचं आहे.

[दृश्य: एक छोटा कॅमेरा. मागच्या बाजूला दातेरी चाक, त्यावर अंगठा.]

आता या कॅमेऱ्याकडे पाहू.

१९५९ साली ऑलिम्पस कंपनीने 'पेन' नावाचा कॅमेरा बाजारात आणला. योशिहिसा मायतानी या तरुण अभियंत्याने तो घडवला होता. कॅमेरा ही तेव्हा साध्या पगारदाराच्या आवाक्यातली वस्तू नव्हती. मायतानींनी ६,००० येन ही किंमत डोळ्यांपुढे ठेवली आणि त्यात बसेल असा कॅमेरा केला. लेन्स मात्र चांगली ठेवली. खरी युक्ती होती फिल्ममध्ये. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरच्या एका फोटोच्या जागेत हा कॅमेरा दोन फोटो घ्यायचा. ३६ फोटोंच्या रोलवर ७२ फोटो. फिल्म महाग असण्याच्या काळात याचा अर्थ काय, हे वेगळं सांगायला नको.

१९६० मध्ये 'पेन एस' आला आणि तो मियामोतोंच्या हाती पडला. कोटाच्या खिशात मावणारा. मागचं चाक अंगठ्याने फिरवलं की फिल्म पुढे सरकते. अंतर अंदाजाने लावायचं आणि बटण दाबायचं. समोरच्याला दडपण यावं असं त्यात काहीच नाही. पाठीवर पिशवी, तिला बांधलेली छत्री आणि अंगावर मळके कपडे, अशा वेशातल्या मियामोतोंना लोक तोयामा प्रांतातून आलेला औषधविक्या समजत. तेव्हा दारोदार औषधं विकत फिरणारे लोक जपानभर असायचे आणि त्यांची कुणाला भीती वाटत नसे. मियामोतोंच्या फोटोंतली माणसं अशी मोकळी का आहेत, याचं मला तरी हे मोठं कारण वाटतं. बायका जाळी दुरुस्त करत राहतात, पोरं खेळ थांबवत नाहीत.

आपल्याला नवल वाटलं की फोटो काढावा, एवढाच त्यांचा नियम. नवल कशाचं? वाळत घातलेल्या कपड्यांचं. त्या कपड्यांवरून घरात किती मुलं आहेत ते कळतं. म्हातारी माणसं आहेत का ते कळतं. घरच्या घरी शिवलेल्या सुती कपड्यांजवळ दुकानातून आणलेला तयार सदरा कधी दिसायला लागला, तेही कळतं. एका बेटावर तो दिसतो, दुसऱ्यावर अजून दिसत नाही. कोणत्याही सरकारी तक्त्यात ही नोंद सापडायची नाही.

किंवा किनाऱ्यावरचं हे लाकूड घ्या. वाहून आलेला ओंडका, आणि त्यावर ठेवलेला एक दगड. परक्या माणसाला त्यात काही दिसणार नाही. किनाऱ्यावरच्या गावाला मात्र अर्थ पक्का ठाऊक: हे लाकूड कुणीतरी आधीच पाहिलंय, ते त्याचं झालं. जळण म्हणून, घराला म्हणून तो ते नंतर घेऊन जाईल. दुसरा कुणी त्याला हात लावत नाही. कुलूप नाही, पाटी नाही, पहारा नाही. शेजाऱ्याच्या शब्दावर चालणारं गाव त्या एका दगडात आहे, आणि तो दगड दिसण्यासाठी बेटावर जन्मलेले डोळे लागले.

[दृश्य: सुओ-ओशिमाचे डोंगरउतार. आधी पायऱ्यांची शेतं, मग संत्र्याच्या बागा, मग दाट झाडी.]

सुओ-ओशिमाच्या उतारांवर पूर्वी रताळी आणि जव पिकायचे. १९६० नंतर फळबागांना सरकारी पाठबळ मिळालं आणि त्याच पायऱ्यांवर मिकान संत्र्यांची लागवड झाली. मियामोतोंच्या घरीही संत्र्यांची बाग होती. पत्नी आणि मुलं बरीच वर्षं बेटावरच होती. घरी आले की मियामोतो शेतात राबायचे. स्वतःला ते शेतकरीच म्हणवत. आपण फिरत असताना घरचं शेत कोण सांभाळतं, याचं ओझं त्यांच्या मनावर नसेल असं मला वाटत नाही.

मग देशभर संत्री एवढी पिकली की १९७२ साली भाव कोसळले. तोवर तरुण ओसाका, हिरोशिमा, तोक्योच्या कारखान्यांकडे निघून गेले होते. वरच्या पायऱ्या आधी ओस पडल्या, कारण तिथे माल पाठीवरून उतरवावा लागतो. मग मधल्या. बेटाच्या पूर्वेकडचा तोवा हा भाग पुढे सगळ्या जपानात म्हाताऱ्या माणसांचं प्रमाण सर्वांत जास्त असलेला म्हणून ओळखला जाऊ लागला. १९७६ साली बेट पुलाने मुख्य भूमीला जोडलं गेलं आणि रेल्वेची फेरीबोट बंद झाली. ओकिकामुरोचा पूल १९८३ साली झाला. तो पाहायला मियामोतो नव्हते.

सगळं जातंय म्हणून हळहळत बसणारा हा माणूस नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. सादो बेटावर ते तरुणांना पर्सिमन या फळाच्या लागवडीचा सल्ला देत. त्याच सादोवर ओगी परिसरात, शाळेच्या जुन्या लाकडी इमारतीत लोकांच्या घरातल्या वस्तूंचं संग्रहालय उभं राहिलं, तेही त्यांच्या सांगण्यावरून. होड्या, टोपल्या, औतं, भांडी. ज्या वस्तू लोक फेकून द्यायला निघाले होते त्या त्यांनीच आपल्या हातांनी आणून दिल्या. आपल्या गावात मोलाचं काहीतरी आहे हे गावाला पटलं, तर तरुण टिकतील, असा त्यांचा हिशेब होता. १९८० साली त्यांनी आपल्या बेटावर, तोवामध्ये, गावकऱ्यांसाठी एक विद्यापीठ सुरू केलं. पदवी देणारं नव्हे, गावाने गावाबद्दल शिकायचं. पुढच्याच वर्षी, ३० जानेवारी १९८१ रोजी ते गेले.

[दृश्य: सांस्कृतिक केंद्राची इमारत. पुस्तकं, वह्या.]

२००४ साली सुओ-ओशिमावर एक सांस्कृतिक केंद्र उघडलं. मियामोतोंची पुस्तकं, वह्या आणि ते एक लाखाच्या घरातले फोटो तिथे जपले आहेत. त्यांनी ज्यासाठी धडपड केली त्या बेटांच्या कायद्याची मुदत दर दहा वर्षांनी वाढवावी लागते. २०२३ साली ती पुन्हा वाढली.

फोटोंतल्या बहुतेक माणसांची नावं फोटोवर नाहीत. टिपणवहीत नाव न लिहिता चालतं, कारण लिहिणाऱ्याला ते ठाऊक असतं. १९६० साली धक्क्यावर दहा वर्षांचं जे पोर खेळत होतं, ते आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. त्याच्यासोबतची कितीतरी पोरं बेट सोडून शहरात गेली, तिथेच म्हातारी झाली. फोटोत दिसणारी होडी कोणाची, धक्का व्हायच्या आधी पडाव कुठे लागायचा, वर्गात किती मुलं होती, वरच्या पायरीवर शेवटचं पीक कोणी घेतलं, हे सांगू शकतील अशी माणसं अजून आहेत. त्यांच्यापुढे हे फोटो ठेवून विचारायचं असेल, तर त्याला फार वर्षं उरलेली नाहीत.